नस झोपवताना

आजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते एक्स-रेच्या खोलीबाहेर. स्ट्रेचरचं चाक उंबऱ्याला अडलं, वॉर्डबॉयनं ते जरा उचलून आत घेतलं, आणि तेवढ्या हिसक्यानं त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो खाली जिन्यापर्यंत गेला. वय ७८. दोन दिवसांपूर्वी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. गावातल्या एका जाणत्यानं ‘सांधा सरकलाय’ म्हणून पाय ओढून पाहिला, तेल लावून पट्टी बांधली. उजवा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. खुबा मोडलाय हे एक्स-रेआधीच दिसत होतं. दोन दिवस त्या पाणीही घोटघोटच पीत होत्या. पाणी प्यायलं की लघवी होणार, आणि भांडं सरकवायचं तर कंबर उचलावी लागणार. मुलगा म्हणाला, “आई लई सोशीक हाय, डॉक्टर.” त्याच्या बोलण्यात अभिमान होता.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि ‘सोशीक’ हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते. आपल्याकडे, विशेषतः बाईच्या बाबतीत, तो मोठेपणाचा शब्द आहे. पण शरीराला हे कौतुक कळत नाही. दुखणं अंगावर काढलं की नाडी वाढते, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. झोप न झालेली म्हातारी माणसं तिसऱ्या रात्री बरळायला लागतात, सलाईन उपसतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रम झाला. वयाचा वाटा असतोच, पण न थांबवलेल्या वेदनेचाही असतो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. मधल्या रात्रीचं काय? अशा वेळी एक सलाईन आणि एक इंजेक्शन लावून ‘आता उद्या बघू’ म्हणण्याची आमच्याकडे सवय आहे. मी आजींना म्हटलं, “आजी, पायाची नस झोपवते. एकदाच टोचेन.” त्यांनी विचारलं, “नस बंद केल्यावर पाय काळा पडंल का?”

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो अगदी रास्त आहे. आपल्या बोलण्यात ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मज्जातंतूलाही. ‘हाताची नस कापली’ म्हणताना आपण रक्ताबद्दल बोलतो, ‘कमरेत नस दबली’ म्हणताना मज्जातंतूबद्दल. नर्व्ह ब्लॉकचा रक्ताच्या नळीशी संबंध नाही. ज्या तारेवरून दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाते, तिच्याभोवती औषध सोडून ती वर्दी काही तास वाटेतच थांबवायची, एवढंच त्यात असतं. रक्त वाहत राहतं, किंबहुना थोडं जास्तच वाहतं. ब्लॉक लागल्याची पहिली खूण हीच, की पाय गरम होतो.

आजींच्या जांघेत मी सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पडद्यावर मधोमध काळा गोल धडधडताना दिसतो, ती मांडीची रोहिणी. तिच्या बाहेरच्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार, पांढुरकी गाठ दिसते, ती मांडीची मुख्य नस. तिच्या अंगावरून एक पातळ पांढरी रेघ जाते. हा स्नायूवरचा पडदा, आणि औषध नेमकं त्याच्याखाली जायला हवं. सुई बाजूनं आत सरकते, पडदा पार होताना बोटांना किंचित ‘टप्’ असं कळतं. मग थोडं औषध सोडलं की पडदा आणि स्नायू यांच्यामध्ये काळी फट उघडते आणि भिंगासारखी फुगत जाते. पाणी शिरल्यावर रद्दीतली चिकटलेली पानं सुटी व्हावीत तसं ते दिसतं. रोपिव्हाकेनचं फिकं द्रावण, ३० मिलिलिटर, पाच-पाच मिलिलिटर करत, दर वेळी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्यानंतर वाट बघायची. पंधराव्या मिनिटाला मी स्पिरिटचा बोळा डाव्या मांडीवर टेकवला, मग उजव्या. “गार कुठं लागतं?” डावीकडे गार लागत होतं, उजवीकडे “हात लावलेला कळतो, गार न्हाई लागत.” हे उत्तर ऐकलं की जिवाला बरं वाटतं. बधिरता सगळीकडे एकदम येत नाही. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे बारीक तंतू आधी सैल पडतात, म्हणून पाय गरम होतो. मग दुखणं आणि गारवा कळवणारे बारीक तंतू. स्पर्शाचे आणि ताकदीचे तंतू जाड, ते उशिरा झोपतात, आणि औषध फिकं असेल तर पुरते झोपतही नाहीत. म्हणून हात लावलेला कळतो, पण दुखत नाही. अर्ध्या तासानं नर्सनं भांडं सरकवलं. आजी छताकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून कळेची वाट पाहत. ती आली नाही. मग त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं.

हे औषध आत जाऊन करतं काय? नसेतली वर्दी म्हणजे विजेची लाट. नसेच्या कातडीला सूक्ष्म दारं असतात, त्यांतून सोडियमचे कण आत घुसले की लाट पुढे सरकते. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही सगळी औषधं ते दार आतल्या बाजूनं अडवतात. आतल्या बाजूनं, हे महत्त्वाचं. त्यासाठी आधी औषधाला नसेच्या तेलकट पापुद्र्यातून आत शिरावं लागतं, आणि ते शिरू शकतं फक्त त्याच्यावर विद्युतभार नसताना. दाढेखाली पू झाला असेल तर तिथलं पाणी आंबट, आम्लधर्मी झालेलं असतं. औषधावर भार चढतो, ते बाहेरच अडकतं, आणि इंजेक्शन देऊनही दाढ काढताना माणूस ओरडतो. “मला भूल चढतच नाही” म्हणणाऱ्या कित्येकांची खरी गोष्ट ही आहे. म्हणून दंतवैद्य पुवाजवळ न टोचता जबड्यात नस जिथून शिरते तिथे, दूरवर औषध देतात. दाढेत लवंग धरण्याचा आपल्या घरातला उपायही याच कुळातला. लवंगेतलं युजेनॉल सोडियमची ती दारं अडवतं.

या शास्त्राची सुरुवात एका डोळ्यापासून झाली. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर आणि त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड कोकेनवर काम करत होते. १८८४ च्या उन्हाळ्यात फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गेला, आणि जीभ बधिर करणारी ही पूड डोळ्यालाही बधिर करेल, हे कोलरनं ताडलं. आधी बेडकाच्या डोळ्यात, मग सशा-कुत्र्यांच्या आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकून त्यानं बुबुळाला टाचणीचा माथा लावून पाहिला. १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण कोलरकडे प्रवासखर्चाला पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड कोकेन थेट नसेजवळ टोचू लागला, जबड्याच्या आणि हाताच्या. नर्व्ह ब्लॉकचा जन्म तिथला. हे सगळे स्वतःवरच प्रयोग करत होते. हाल्स्टेडला कोकेनचं व्यसन लागलं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं. पुढे तो जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यशास्त्राचा नामवंत प्राध्यापक झाला, पण मॉर्फिन त्याला सुटलं नाही. रोज सहज हातात घेतो त्या सिरिंजमागे हा माणूस आहे, याची मला अधूनमधून आठवण होते.

ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरी आउगुस्ट बीअरनं पाठीच्या कण्यात कोकेन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. आपल्याकडे ज्याला ‘अर्धी भूल’ म्हणतात ती हीच. मग बीअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी ती एकमेकांवर करून पाहायचं ठरवलं. बीअरच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज सुईला नीट बसेना. कण्यातलं पाणी वाहून गेलं आणि प्रयोग फसला. मग बीअरनं हिल्डेब्रांटला टोचलं. त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पेटता सिगार टेकवला. त्याला काही कळलं नाही. बीअर मात्र पुढचे नऊ दिवस डोकेदुखीनं अंथरुणात होता. उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. कण्यातलं पाणी झिरपल्यामुळे होणारी ही डोकेदुखी आजही कधीतरी दिसते, मात्र पेन्सिलीच्या टोकासारख्या बारीक सुयांमुळे बरीच कमी. आणि ‘सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर धरली’ हे जे घरोघरी ऐकू येतं, त्याचा दोष त्या सुईकडे जात नाही. टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं. वर्षानुवर्षं कंबर धरते ती गरोदरपणात ताणलेल्या स्नायूंमुळे, बाळाला वाकून उचलण्या-पाजण्यामुळे आणि बाईला न मिळालेल्या विश्रांतीमुळे.

कोकेनची जागा घेणारी सुरक्षित औषधं पुढे आली. त्यातलं लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेननं बनवलं. त्याच्या गुरूनं प्रयोगशाळेत तयार झालेलं एक संयुग जिभेला लावून पाहिलं होतं, जीभ बधिर झाली होती, त्या धाग्यावरून तो तिथवर पोहोचला. झायलोकेन या नावानं हे औषध आज गावोगावच्या दवाखान्यात असतं.

पण औषध मिळालं तरी नस दिसत नव्हती. शंभर वर्षं आमच्या आधीच्या भूलतज्ज्ञांनी हे काम अंदाजानं केलं. हाडाच्या खुणा मोजायच्या, नाडी चाचपायची, सुई पुढे सारायची आणि रुग्णाच्या हाताला झिणझिण्या आल्या की समजायचं, पोहोचलो. नंतर विजेचा हलका झटका देऊन स्नायू उडतो का ते पाहणारं यंत्र आलं. १९९४ साली कोलरच्याच व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडावरून दिला जाणारा हाताचा ब्लॉक सोनोग्राफीखाली देऊन दाखवला, आणि चित्र पालटलं. आता सुईचं टोक दिसतं, शेजारचं फुप्फुस दिसतं, औषध कुठे पसरतंय ते दिसतं.

महाराष्ट्रात सोनोग्राफीच्या यंत्राला आणखी एक इतिहास आहे. गर्भातल्या मुली मारल्या जात होत्या म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या राज्यानं केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यामुळे नस बघण्यासाठी भूलतज्ज्ञानं घेतलेलं यंत्रही नोंदवावं लागतं आणि नोंदवलेल्या जागेबाहेर हलवता येत नाही. दिवसाला तीन गावांतल्या चार रुग्णालयांत धावणाऱ्या माझ्यासारखीला याची अडचण होते, आणि ज्या छोट्या दवाखान्यात यंत्र नाही तिथल्या रुग्णाला ब्लॉक मिळत नाही. तरी तो कायदा सैल करा असं माझ्या तोंडून निघत नाही; ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांची संख्या मला ठाऊक आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात नोंदणी केलेलं स्वतःचं यंत्र असावं, एवढंच मागणं आहे.

ब्लॉकची गरज आपल्याला जास्त आहे याचं आणखी एक कारण. तीव्र दुखण्यावर मॉर्फिन हे जुनं आणि खात्रीचं औषध, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांचा असा गुंता केला की बहुतेक लहान रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट मोकळी केली, तरी तालुक्याच्या गावी ते सहज हाती येत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाला मॉर्फिननं गुंगी येते, उलट्या होतात, पोट साफ होत नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरवरच्या जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहणारा कॉक्रेनचा आढावा सांगतो की ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हालचालीचं दुखणं कमी होतं आणि पुढे भ्रम होण्याचं प्रमाणही घटतं. ट्रॅक्टरवरून पडून बरगड्या मोडलेल्या शेतकऱ्याला बरगड्यांचा ब्लॉक दिला, की तो पहिल्यांदा मोठ्यानं खोकतो. त्या खोकल्याइतका सुंदर आवाज वॉर्डात दुसरा नसतो.

धोके सांगितलेच पाहिजेत. सगळ्यात गंभीर म्हणजे औषध चुकून रक्तात जाणं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घूं-घूं, आणि मग झटका. क्वचित हृदय थांबतं. म्हणून औषध थोडं थोडं द्यायचं आणि रुग्णाशी बोलत राहायचं. यावरचा उतारा अनपेक्षित ठिकाणी सापडला. जेवू न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून देतात ते सोयाबीन तेलाचं दुधासारखं पांढरं द्रावण! १९९८ साली अमेरिकेत गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं की ते दिल्यानं औषधानं थांबणारं हृदय वाचतं. २००६ मध्ये माणूस वाचल्याची पहिली नोंद झाली. जिथे ब्लॉक दिला जातो तिथे ही बाटली हाताशी असलीच पाहिजे, आणि नातेवाइकांनी त्याबद्दल विचारलं तर मला राग येत नाही. मानेतल्या ब्लॉकनं एका बाजूचं श्वासपटल काही तास ढिलं पडतं, म्हणून दमेकऱ्याला तो देताना विचार करावा लागतो. नसेला कायमची इजा फार विरळा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, लपवू नका.

आणि घरगुती धोका वेगळाच. बधिर पायाला चटका कळत नाही. घोट्याच्या ऑपरेशननंतर एका मुलाला त्याच्या मावशीनं मायेनं गरम पाण्याची पिशवी शेकायला दिली. सकाळी पोटरीवर हातभर फोड होता. दुखत नाही म्हणून उठून चालायला जाणारे पडतात, कारण पायात जोरही नसतो. हे मी आता घरच्यांना लिहून देते.

जुनाट दुखण्यात नस झोपवणं अधिक गुंतागुंतीचं होतं. ताज्या दुखण्यात नस खरं सांगत असते: हाड मोडलंय, जखम आहे. जुनाट दुखण्यात चोर निघून गेला तरी कुत्रं भुंकत राहावं तसं होतं. नागिणीचंच बघा. कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू पाठीच्या कण्याशेजारच्या नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून असतो आणि उतारवयात त्या एका नसेवरून खाली उतरतो. म्हणून फोडांचा पट्टा छातीच्या एकाच बाजूला उमटतो. ‘नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो’ ही भीती घालून किती जणांना मांत्रिकाकडे नेलं जातं! प्रत्येक नस अर्ध्याच अंगाला जाते, म्हणून तोंड शेपटीला सहसा मिळतच नाही. खरी हानी त्या फेऱ्यांत वाया गेलेल्या दिवसांची. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. उशीर झाला तर साठीपुढच्या माणसाच्या बाबतीत फोड वाळतात, पण आग राहते. सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, पंख्याचा वारा लागला तरी पेटल्यासारखं होतं. अशा वेळी बरगडीखालच्या नसेचा ब्लॉक, गोळ्यांच्या जोडीनं, काहींना मोठा आराम देतो, काहींना थोडाच. मी रुग्णाला हे आधीच सांगते.

दुखणं कसं आहे ते सांगायला आपल्या भाषेइतके शब्द क्वचितच असतील: कळ, ठणका, चमक, शिणक, उसण, सल, रग, ओढ, चुणचुण, आग. पेनक्लिनिकमध्ये हे शब्द म्हणजे अर्धं निदान. ठणका आणि रग म्हटलं की मी स्नायू-सांध्यांकडे बघते. आग, चुणचुण, करंट म्हटलं की नसेकडे. “दात घासायला गेले की गालात वीज चमकते” म्हणणाऱ्या बाईंचे तीन चांगले दात आधीच काढून झालेले असतात; तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असतो. गोळ्यांनी भागलं नाही तर कवटीच्या तळाशी असलेल्या त्या नसेच्या गाठीला सुईनं मोजून उष्णता देता येते. झिजलेल्या गुडघ्याच्या बारीक नसाही अशाच भाजता येतात, साधारण ८० अंशांपर्यंत, मिनिट-दीड मिनिट. नसा पुन्हा वाढतात, म्हणून तो आराम काही महिन्यांचा, पण तेवढ्यात माणूस मांडीचे स्नायू कमावू शकतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातून पाठीकडे आरपार जाणारी कळ येते. रुग्ण रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलेला असतो. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून त्या निकामी केल्या, तर त्याला पाठ टेकून झोपता येतं. आयुष्य त्यानं वाढत नाही. उरलेल्या दिवसांत आडवं पडता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्याच्या बायकोला विचारावं.

आजींचं ऑपरेशन सकाळी झालं. अर्धी भूल देताना बसावं लागतं, आणि मोडक्या खुब्यानं बसणं ही शिक्षाच. म्हणून आधी पुन्हा ब्लॉक दिला. दोघांच्या आधारानं त्या उठून बसल्या, पाठ वाकवली, आणि मी कण्यात सुई घालत असताना नर्सला पुतणीच्या लग्नाची हकिकत सांगत होत्या.

संध्याकाळी मी पेपरवर लिहिलं : रात्री ९ वाजता गोळी, दुखत नसलं तरी. मुलानं वाचून विचारलं, “दुखत नसताना कशाला?” ब्लॉक मध्यरात्रीनंतर केव्हातरी उतरतो, आणि उतरताना दुखणं हळूहळू येत नाही, एकदम येतं, गोळी तोवर पोटात मुरलेली हवी. “आन् तिनं नको म्हटलं तर? ती म्हणंल, मी सोसते.” मी म्हटलं, नऊला मला फोन लावा.

फोन नऊला पाच कमी असतानाच आला. आजी स्वतः होत्या. “घेतली बगा गोळी,” म्हणाल्या. “पर बाजूच्या खाटंवरली बाई कण्हतीया. तिचाबी पायच मोडलाय. तिची नस कुनी झोपवली न्हाई व्हय?”

मी गाडीची किल्ली घेतली.